मोहर्लीची थंडी आणि केळीची लागवड

चंद्रपूर जिल्हा म्हटला की उन्हाळा डोळ्यांपुढे उभा राहतो. मे महिन्यात पारा ४७ अंशांवर नेणाऱ्या या मुलखात केळीला थंडीचे भय असेल, हे बाहेरच्या माणसास सहसा पटत नाही. परंतु ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या दाराशी वसलेल्या मोहर्लीत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे शेकोटीपासून उठणे जिवावर येते. उत्तरेकडून कोरडे, थंड वारे येतात, आकाश निरभ्र असते आणि दिवसभर तापलेली जमीन रात्रीतून आपली उष्णता झपाट्याने सोडून देते. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरले होते.

पानावरचे दव गोठावे अशी रात्र विदर्भाच्या सखल भागात क्वचितच येते. केळी मात्र दव गोठण्याची वाट पाहत नाही. तिची वाढ पंचवीस ते तीस अंशांत उत्तम होते. चौदा-पंधरा अंशांखाली ती जवळजवळ थांबते. पावसाळ्यात आठवड्याला एक पान काढणारे झाड थंडीत एका पानासाठी दोन-तीन आठवडे घेते. बारा-तेरा अंशांखाली फळाच्या सालीतील पेशींना इजा होते. शीतकपाटात ठेवलेले केळे काळे पडते, त्यामागे हेच कारण आहे. बागेत अशी फळे वरून हिरवी दिसली, तरी सालीखाली तपकिरी रेषा उमटतात आणि पिकताना त्यांना पिवळा रंग चढत नाही.

याहून मोठे नुकसान घड बाहेर पडताना होते. आपण केळीचे खोड म्हणतो ते वस्तुतः एकमेकांभोवती गुंडाळलेल्या पानांच्या देठांचे असते. खरा जीव जमिनीतील कंदात असतो. फुलोऱ्याची वेळ आली की कंदातून दांडा वर चढतो आणि केळफूल बाहेर येते. यालाच निसवण म्हणतात. नेमक्या याच वेळी थंडीची लाट आली तर दांड्याची वाढ खुंटते, घड गळ्याशीच अडकतो, फण्या वाकड्या होतात. वर्षभर राखलेले झाड अशा वेळी एका आठवड्यात वाया जाते.

जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावलच्या बागाईतदारांना हा अनुभव जुना आहे. त्यांचे उपाय ठरलेले आहेत : रात्री विहिरीचे कोमट पाणी द्यावे, बागेच्या कडेने उंच गवताची किंवा शेवरीची दाट कुंपणे धरावीत, बांधावर ओलसर पालापाचोळा जाळून धूर करावा, घडाला सच्छिद्र पिशवी घालावी. उपाय चांगले आहेत; पण ते जसेच्या तसे मोहर्लीला उचलून आणणे शहाणपणाचे नाही. वाघाच्या वावराच्या प्रदेशात रात्री मोटार सुरू करण्यासाठी एकट्याने शेतावर जाणे म्हणजे पिकासाठी जीव पणाला लावणे. उंच गवताचे दाट कुंपण रानडुकराला आसरा देते, आणि रानडुकरामागे कोण येईल हे गावकऱ्यांना सांगावे लागत नाही. जंगलाच्या कडेला आग पेटवण्याबद्दल तर बोलायलाच नको. पिशवीचा उपाय तेवढा निर्धास्तपणे घेता येतो. पाणी द्यायचे ते संध्याकाळी, उजेड असताना द्यावे. ओली जमीन दिवसाची उष्णता अधिक धरून ठेवते आणि रात्री हळूहळू सोडते.

म्हणून येथे खरा भरवसा लागवडीच्या तारखेवर ठेवावा लागतो. ऊतिसंवर्धित रोपांना लागवडीपासून सुमारे सात-आठ महिन्यांनी निसवण येते. हाच हिशेब धरला तर मे-जूनमध्ये लावलेली रोपे ऐन पौष-माघाच्या थंडीत घड टाकतात. मृगाचा पाऊस पडला की रोपे लावण्याचा मोह होतो. तोच येथे आवरला पाहिजे. जळगावकडे कांदेबाग म्हणून ओळखली जाणारी सप्टेंबर-ऑक्टोबरची लागवड येथे अधिक सोयीची. पहिल्या थंडीत झाड लहान असते, वाढ रेंगाळते, निसवण महिना-दीड महिना लांबते. पण ती पावसाळ्याच्या तोंडाशी येते आणि पुढचा हिवाळा कडक होण्याआधी घड उतरवता येतो. लहान रोप झाकणेही सोपे, आणि धानाच्या या मुलखात तणसाला तोटा नाही. बुंध्याभोवती त्याचा जाड थर द्यावा, तो उन्हाळ्यातही ओल राखतो. मात्र पुढच्या एप्रिल-मेमध्ये पाणी पुरेल अशी खात्री असेल तरच ही लागवड करावी.

जागेचीही निवड हवी. थंड हवा पाण्यासारखी उताराने वाहून खोलगट भागात साचते. ऑस्ट्रेलियात कॉफ्स हार्बर येथील बागा डोंगरउतारावर वसवल्या गेल्या त्या यामुळेच. घराच्या दक्षिणेकडील भिंतीलगतचे परस, थोडी उंचवट्याची जमीन, ही ठिकाणे नाल्याकाठच्या खळग्यापेक्षा बरी. आइसलँडमध्ये भूगर्भातील उष्णतेवर काचगृहे तापवून केळी पिकवतात. तो खर्च येथे कोणी करणार नाही, आणि करण्याचे कारणही नाही.

जपानमधील कवी बाशो याने ज्या केळीवरून आपले नाव घेतले, ती जात हिमवर्षावातही टिकते. वरचा भाग मरतो आणि कंदातून पुन्हा फुटवा येतो. तिची फळे खाण्याजोगी नसतात, पण कंदाचा हा चिवटपणा आपल्या केळीतही थोडाफार असतो. म्हणून थंडीने पाने करपली, तरी झाड उपटण्याची घाई करू नये. करपलेली पाने खोडाभोवती तशीच लोंबू द्यावीत. त्यांचे पांघरूण होते. फाल्गुनात ऊन तापू लागले की ती कापावीत आणि बुंध्याशी आलेल्या मुनव्यांपैकी अरुंद, तलवारीसारख्या पानांचा एक जोमदार मुनवा ठेवून बाकीचे काढून टाकावेत.