घाट चढणारे रक्त

प्रश्न : लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात दिवसभर उभी असते. वय ४६. पोटऱ्यांवर निळ्या शिरा गाठींसारख्या फुगल्यात. हातांच्या का फुगत नाहीत?
– एक वाचक, मावळ

उत्तर : ताई, कर्जतहून येणारी गाडी आठवा. बोरघाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट. पुढचे इंजिन पुरत नाही, म्हणून बहुतेक गाड्यांना मागून जादा इंजिने लावतात. रक्ताचेही तसेच. जाड भिंतींच्या धमन्यांमधून ते हृदयाच्या जोरावर धावते, पण केसाहून बारीक केशवाहिन्यांत पेशींना ऑक्सिजन देता देता तो जोर ओसरतो. परतीच्या शिरा पातळ भिंतींच्या. तिथे मागचे इंजिन म्हणजे पोटरीचा स्नायू. पाऊल टाकले की तो आवळतो आणि रक्त वर ढकलतो. शिरांतल्या झडपा ते खाली घसरू देत नाहीत.

एका जागी उभे राहिले की हे इंजिन बंद! घोट्याजवळच्या शिरेतला दाब ९० मिमी पाऱ्याच्या आसपास जातो; चालताना तो ३० च्या आसपास उतरतो. वर्षानुवर्षांच्या ताणाने शीर रुंदावते, झडपांच्या पाकळ्या एकमेकींना भिडेनाशा होतात. आनुवंशिकता आणि बाळंतपणे यांचाही त्यात वाटा असतो. हात मात्र हृदयाजवळ, आणि तराजू-पुड्यांत तुमचे हात थांबतात कुठे?

गिऱ्हाईक नसेल तेव्हा टाचा वर-खाली करा. रात्री पायांखाली उशी घ्या. दाबमोजे चांगले, पण आधी डॉक्टरांना दाखवून डॉप्लर सोनोग्राफी करून घ्या. एकच पोटरी अचानक सुजून दुखू लागली तर गुठळीची शंका धरून त्याच दिवशी रुग्णालय गाठा.