मध्ययुग संपले कधी? : ठाणे-कल्याणच्या खाडीकाठचा एक अभ्यास

अभियांत्रिकीच्या अंकात इतिहासाचा लेख पाहून पान उलटू नका. याला ना सबमिशन आहे, ना व्हायवा. शाळेत आपण एक वाक्य घोकलं होतं, "मध्ययुग संपले व आधुनिक युग सुरू झाले." दोन मार्कांना ते पुरत असे. पण ते नेमकं कुठे संपलं, कोणासाठी संपलं आणि संपताना काय घेऊन गेलं, हे कोणी विचारलं नाही. पुस्तकात उत्तर युरोपचं असतं. आपल्या पायाखालच्या जमिनीचं, म्हणजे ठाणे, डोंबिवली, कल्याणचं उत्तर काय?

मी स्वतः डोंबिवलीचा. होस्टेलवर रात्री गप्पा रंगल्या की "मूळचे कोण आणि बाहेरचे कोण" हा विषय हमखास निघतो आणि आवाज चढतात. दोन्ही बाजू इतिहासाचे दाखले देतात. म्हणून हा विषय जरा पद्धतशीर मांडावा असं वाटलं.

१. मध्ययुगाचा शेवटचा टप्पा

ठाणे म्हणजे जुने श्रीस्थानक, उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी. त्यांच्याच काळातले अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ चे, म्हणजे इ. स. १०६० चे आहे. तेराव्या शतकात शिलाहार गेले, यादव आले. १३१८ मध्ये देवगिरीचे राज्य दिल्लीच्या सुलतानांनी संपवले. मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या अखेरीस ठाण्याच्या राज्याबद्दल लिहिले आहे. इथून कातडी आणि सुती कापड बाहेर जाई, आणि राजाचा समुद्री चाच्यांशी करार होता : लुटीत सापडलेले घोडे राजाचे, बाकी माल तुमचा! घोडा हे त्या काळचे मुख्य लष्करी यंत्र होते आणि ते अरबस्तानातून जहाजाने यायचे, हे लक्षात घेतलं की हा करार समजतो.

या टप्प्याचा सर्वात बोलका पुरावा अलिबागजवळच्या नागावचा शिलालेख. त्यात ठाणे-कोकणावर राज्य करणाऱ्या हंबीररावाचे नाव आहे आणि सुरुवातीला दोन कालगणना एकाशेजारी एक कोरल्या आहेत : हिजरी ७६९ आणि शके १२८९. म्हणजे इ. स. १३६७. राजा स्थानिक, भाषा मराठी, पण तारीख दोन पद्धतींची. राज्यकर्ते बदलले की आधी दप्तर बदलतं, मग बोली बदलते, आणि देवघर सर्वात शेवटी, ते बदललंच तर.

२. खाडीवरची सरहद्द

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख तहाने पोर्तुगीजांना दिला. साष्टी बेट त्यातच आले आणि ठाणे साष्टीवरच आहे. तहात आणखी एक अट होती. गुजरातेतून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांनी वसईत येऊन पोर्तुगीजांचा परवाना घ्यायचा. समुद्रावर जायला परवाना लागतो ही कल्पनाच इथे नवी होती. माझ्या मते आपल्याकडच्या 'आधुनिक' काळाचं पहिलं पाऊल हेच. त्याला प्रबोधन वगैरे काही म्हणता येणार नाही, तो सरळ तोफेच्या बळावर चालवलेला परवाना होता.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. ठाणे पोर्तुगीजांकडे. खाडीपलीकडचे कल्याण आधी अहमदनगरच्या निजामशाहीत, १६३६ नंतर विजापूरच्या आदिलशाहीत, ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांकडे, १६६१ मध्ये मोगलांकडे, नंतर पुन्हा स्वराज्यात. ठाणे ते कल्याण हे आज लोकलने वीस किलोमीटरचे अंतर. पण १५३४ ते १७३७ अशी दोनशे वर्षे या अंतरात दोन जगांची सरहद्द होती. एका काठावर लिस्बनचा कायदा आणि फ्रान्सिस्कन, जेसुइट पाद्री. दुसऱ्या काठावर परगणा, देशमुख, काजी, कुलकर्णी. डोंबिवली तेव्हा मधल्या खेड्यांतलं एक खेडं.

ठाण्याच्या बाजूला या काळात देवळे पाडली गेली, धर्मांतरे झाली; त्यात सक्ती होती, सवलतींचे आमिषही होते. हे गोड शब्दांत सांगण्यात अर्थ नाही. पण धर्म बदललेल्या कोळी, आगरी, कुणबी, भंडारी घरांनी भाषा बदलली नाही, हेही तितकंच खरं. लग्नातली गाणी, नऊवारीसारखं लुगडं, जातींची आठवण हे सगळं टिकलं. पुढे १८८७ मध्ये या समाजाने 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. त्यांची घरातली बोली मराठीच. तिकडे गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेसुइटाने १६१६ मध्ये 'क्रिस्तपुराण' छापले. विषय बायबलचा, छंद ओवीचा. नवा धर्म सांगायलासुद्धा जुनाच छंद घ्यावा लागला!

३. आपल्या तोंडातला इतिहास

आता एक प्रात्यक्षिक. सिव्हिलवाल्यांनी साइटवरचे हे वाक्य तपासावे :

"मेस्त्रीने मजुराला घमेले आणि बादली आणायला सांगितली आणि इमारतीचा नकाशा कागदावर दाखवला."

मेस्त्री, घमेले, बादली हे पोर्तुगीज. मजूर, इमारत, नकाशा, कागद हे फारसी-अरबी वाटेने आलेले. आणायला, सांगितली, दाखवला ही क्रियापदे मात्र आपली, आणि वाक्याची घडणही आपली. भाषेच्या भिंतीत विटा बाहेरून आल्या, पण बांधणी इथलीच.

होस्टेलचा दिवसही असाच. खोलीची चावी, कपड्यांची इस्त्री, मेसमधला पाव, पाण्याचे पिंप, घरच्यांचा पगार, सगळे पोर्तुगीज शब्द. पगार म्हणजे त्यांच्या भाषेत 'देणे, चुकते करणे'. लिलाव त्यांचाच. तुरुंगही त्यांचाच. हा शब्द ठाण्यात विशेष शोभतो, कारण पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला ठाण्याचा किल्लाच पुढे इंग्रजांच्या काळात तुरुंग झाला. १८१६ मध्ये त्रिंबकजी डेंगळे याच किल्ल्यातल्या कैदेतून निसटले होते.

दुसऱ्या काठावर उलटी हालचाल झाली. महाराजांनी राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला. त्यात सुमारे १,४०० शब्द आहेत. पण व्यवहारात काय झालं? 'प्रधान' आणि 'सेनापती' रुळले, तरी दप्तर, हिशेब, वकील, जमीन हे शब्द गेले नाहीत. पेशवाईच्या कागदांवर शुहूर सन ही अरबी आकड्यांत बोलली जाणारी कालगणना शेवटपर्यंत राहिली. कोश राजाला करवून घेता येतो, बाजाराची जीभ मात्र कोणाच्या हुकमात नसते.

४. उपवासाचे ताट

मिरची, बटाटा, शेंगदाणा, रताळे, टोमॅटो, काजू, पपई, पेरू, अननस, तंबाखू ही सगळी अमेरिका खंडातली पिके. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला तेव्हा आपल्या स्वयंपाकात मिरची नव्हती. तिखटपणा मिरीचा होता. मिरची भराभर पसरली. बटाट्याचा शब्द पोर्तुगीज असला तरी तो घरोघर पोचला इंग्रजांच्या अमदानीत.

आता एकादशीचे ताट पाहा. साबुदाण्याची खिचडी, त्यात शेंगदाण्याचे कूट, हिरवी मिरची, बटाटा. बाजूला रताळ्याचा कीस. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोही अमेरिकेतलाच. म्हणजे परंपरेचे म्हणून जे सर्वात सोवळे ताट, त्यातला जवळजवळ प्रत्येक जिन्नस समुद्र ओलांडून आलेला! यात कोणाची टिंगल करायची नाही. मुद्दा इतकाच की 'पूर्वापार' या शब्दाचे वय कधीकधी दोन-तीनशे वर्षेच असते. आलेल्या वस्तूला आपल्या नियमात बसवून घेणे ही समाजाची ताकद आहे.

५. जहाज शिकलो, छापखाना राहिला

आपल्या दृष्टीने हा भाग सर्वात महत्त्वाचा.

कल्याण-भिवंडी हाती आल्यावर महाराजांनी तिथे जहाजबांधणी सुरू केली. कुशल कारागीर हवे होते, म्हणून रुई लैतांव व्हिएगस नावाच्या पोर्तुगीज कारागिराला आणि त्याच्या माणसांना कामावर ठेवले. १६५९ च्या सुमाराचा हा प्रसंग पोर्तुगीज पत्रव्यवहारात आहे. ही जहाजे उद्या आपल्यावरच येतील, हे वसईच्या अधिकाऱ्यांनी ओळखले आणि कारागिरांना फितवले. ते काम टाकून गुपचूप निघून गेले.

कोणताही प्रोजेक्ट इथे बसला असता. पण आरमार थांबले नाही. १६६४ मध्ये सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले आणि फेब्रुवारी १६६५ मध्ये मराठी जहाजे थेट बसरूरपर्यंत गेली. परका कारागीर गेला तरी काम इथल्या हातांनी पुढे चालवले. याला मी खरे तंत्रज्ञान-हस्तांतर म्हणेन.

आता उलट उदाहरण. गोव्यात छापखाना १५५६ मध्ये आला. ठाण्यात, वसईत मिशनऱ्यांच्या हातात छापील पुस्तके असणार. म्हणजे खाडीच्या या काठावर पुस्तक, त्या काठावर बोरू. पण अडीचशे वर्षे कोणी ते यंत्र उचलले नाही. मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाने भगवद्गीता छापली गेली ती १८०५ मध्ये, आणि बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले १८३२ मध्ये. जहाज का शिकलो आणि छापखाना का नाही? माझे उत्तर असे : जहाजाची गरज राज्याला होती. पुस्तकाची गरज वाटावी इतके वाचणारे समाजाने तयारच केले नव्हते. लिहिणे-वाचणे मोजक्या घरांकडे होते आणि पोथी हाताने उतरवणाऱ्याला घाई नव्हती. यंत्र समोर असून उपयोग नसतो, ते वापरणारा समाज आधी लागतो. संगणक आल्यावरही हा प्रश्न जुना झालेला नाही.

६. १७३७ : एकाच दिवसाच्या किती तारखा?

१७३७ मध्ये किल्ल्याचे काम अपुरे असतानाच मराठ्यांनी ठाणे घेतले. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि तहाप्रमाणे पोर्तुगीज शिबंदीला सन्मानाने जाऊ दिले. चर्चमधल्या घंटा दूरवर गेल्या. भीमाशंकरला, मेणवलीला, नाशिकच्या नारोशंकर मंदिरात त्या आजही आहेत. ठाण्यात मासुंदा तलावाच्या परिसरात सोळाव्या शतकापासूनचे सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च आहे, आणि १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी बांधलेले कौपिनेश्वराचे मंदिरही आहे. चर्चही राहिले, मंदिरही उभे राहिले. एकाच तळ्याकाठी दोन्ही.

गंमत म्हणजे त्या लढाईच्या दिवसाची तारीख काय, याला चार उत्तरे होती. मराठ्यांचा शक आणि शुहूर सन. पोर्तुगीजांचे १५८२ पासून सुधारलेले ग्रेगोरियन कॅलेंडर. आणि मुंबईच्या इंग्रजांचे जुने ज्युलियन, जे अकरा दिवस मागे होते. इंग्रजांनी ते १७५२ मध्ये बदलले. एका खाडीवर एकच 'आज' नव्हता! डिसेंबर १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेतले, १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली, आणि १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून गाडी ठाण्याला आली. १८५४ मध्ये ती कल्याणला पोचली. दोन्ही काठांवर एकच घड्याळ चालू लागले ते त्यानंतर.

७. मग उत्तर काय?

मध्ययुग इथे एका तारखेला संपले नाही. समुद्रावर ते १५३४ ला संपले, जहाजबांधणीत १६५९ च्या सुमारास, ताटात अठराव्या-एकोणिसाव्या शतकात, वाचनात १८३२ नंतर. जातीच्या बाबतीत ते पूर्ण संपले असे छातीठोकपणे म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

आणि "मूळचे कोण" या वादाचे? या काठावर गेली सातशे वर्षे कोणीतरी येतच आहे. शब्द आले, पिके आली, देव आले, माणसे आली. इथे अन्याय झाले, ते नावानिशी सांगितलेच पाहिजेत. पण ज्याच्या पणजोबाच्या पणजोबावर अन्याय झाला तो, आणि ज्याच्या पूर्वजाचे नाव पाद्र्याने बदलले तो, हे दोघे आज एकाच लोकलला लटकतात आणि एकाच मराठीत "आत सरका हो" म्हणतात. त्यांपैकी एकाला बाहेरचा ठरवायचा असेल तर आधी आपल्या चावीला, पगाराला आणि खिचडीतल्या मिरचीला बाहेर काढावे लागेल.

करून पाहा

१) आपल्या वर्कशॉपमध्ये एका दिवसात बोलले जाणारे पन्नास शब्द लिहा आणि ते फारसी, पोर्तुगीज, इंग्रजी, मराठी अशा चार रकान्यांत मांडा.
२) एखाद्या रविवारी मासुंदा तलावाकाठी उतरा. चर्च आणि मंदिर दोन्ही पाहा, मग ट्रेनने कल्याणला जाऊन दुर्गाडीवरून खाडी पाहा. सरहद्द कुठून जात असेल ते शोधा.
३) घरातल्या सर्वात वयस्क माणसाला विचारा : तुमच्या लहानपणी उपवासाला काय चालत नव्हतं, जे आता चालतं?

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे जरूर कळवा. पुढचा लेख त्यावरच लिहिता येईल.