शाळा कोणाची? पालक समितीविषयी एक धडा

गावच्या शाळेचा विषय निघाला म्हणजे आपण सहज म्हणतो, "ती सरकारची शाळा." इमारत जिल्हा परिषदेची, गुरुजींचा पगार सरकारी, पुस्तकेही सरकारी; मग आपला तिच्याशी संबंध तो कोणता? लेकरू वेळेवर पाठवावे म्हणजे आपले कर्तव्य संपले, अशी पुष्कळांची समजूत असते. कायद्याचे म्हणणे मात्र निराळे आहे. ते काय, हे या धड्यात क्रमाने पाहू.

(१) समितीत कोण असावे?

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्या सभासदांपैकी निदान तीन चतुर्थांश पालक असावेत, आणि एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात. म्हणजे समिती १६ जणांची असेल, तर १२ पालक व ८ स्त्रिया. वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांस त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्यात, असेही तेथे सांगितले आहे. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांतून निवडला जातो व मुख्याध्यापक सचिवाचे काम पाहतात. अर्थात ज्याचे शेत मोठे त्याचाच शब्द मोठा, ही गावची जुनी रीत येथे चालू नये, असा कायद्याचा हेतू उघड दिसतो.

(२) समितीने काय करावे?

तीन कामे मुख्य होत. पहिले, शाळेच्या कारभारावर देखरेख करणे: शिक्षक नियमित येतात की नाही, मुले पटावर आहेत पण वर्गात नाहीत असे तर होत नाही ना, आहार नीट शिजतो की नाही, हे पाहणे. दुसरे, शाळेचा विकास आराखडा तयार करणे. हे काम विशेष महत्त्वाचे. कारण कलम २२ प्रमाणे सरकारने द्यावयाच्या अनुदानास हाच आराखडा आधार होय. मुलींच्या शौचालयास पाणी नाही, ही गोष्ट पारावर शंभर वेळा बोलून जे होत नाही, ते आराखड्यात एकदा लिहिल्याने होण्याचा संभव असतो. तिसरे, अनुदान कोठून आले व कसे खर्च झाले यावर लक्ष ठेवणे.

(३) काम कोठे अडते?

पुष्कळ ठिकाणी समिती कागदावर असते, आणि तिचे इतिवृत्त सभा न होताच लिहिले जाते. मग रजिस्टर घरोघर फिरते व मजुरीस निघालेली माउली घाईघाईने सही करते किंवा अंगठा उठविते. बंधुभगिनींनो, त्या अंगठ्याची किंमत ओळखा. खर्चाच्या ठरावाखाली तो उठला म्हणजे "हा खर्च मी पाहिला, मला तो मान्य आहे" असा त्याचा अर्थ होतो. म्हणून वाचल्यावाचून किंवा दुसऱ्याकडून वाचून घेतल्यावाचून सही करू नये. सभासद बाई असेल, तर तिच्या जागी तिच्या पतीने बसू नये. आणि रोजंदारीवरील पालकांचा दिवस बुडू नये म्हणून सभेची वेळ सर्वांस विचारून ठरवावी.

(४) अधिकाराची मर्यादा

समिती म्हणजे गुरुजींवर बसविलेला फौजदार नव्हे. शिक्षकाची बदली करणे किंवा त्यास शिक्षा देणे तिच्या हाती नाही. ती देखरेख करील, ठराव करील, वरती कळवील. शिक्षकांसही न्याय मिळावा. कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणूक यांखेरीज शिक्षणेतर कामास त्यांना लावता येत नाही. तेव्हा गुरुजी वर्गात का नाहीत, हे दोष ठेवण्यापूर्वी विचारावे. मुलाच्या हक्कास बाध येत असेल, तर कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा असे कायदा सांगतो. आपल्या मिशनच्या ज्या अनुदानित शाळा अल्पसंख्याक संस्था म्हणून चालतात, त्यांस २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून हा कायदा लागू नाही; इतर अनुदानित शाळांत २०१२ च्या दुरुस्तीपासून ही समिती केवळ सल्ला देणारी आहे, हेही ध्यानात असावे. तथापि चांगला सल्ला हाही लहान अधिकार नव्हे.

तात्पर्य, कायद्याने पालकांस शाळेत बसावयास जागा दिली आहे. ती रिकामी राहिली तर दुसरा कोणी तीवर बसेल, आणि ज्या लेकरांच्या घरी शिकलेले कोणी नाही, त्यांचेच नुकसान प्रथम होईल.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या शाळेच्या समितीत कोण कोण आहेत? त्यांत स्त्रिया किती व मजूर पालक किती?
२. मागील सभा केव्हा झाली व तीत कोणता ठराव झाला?
३. यंदाच्या आराखड्यात कोणती एक गरज प्रथम लिहावी, आणि का?