‘आरोहण’ शब्दाविषयी थोडेसे

श्रींच्या देवालयाच्या कळसासाठी देणगी देणारे भाविक कार्यालयात पुष्कळदा विचारतात, की नामफलकावर ‘कलशारोहण’ कोरावे की ‘कलशारोपण’? कागदावरील चूक खोडता येते, दगडावरील नाही. म्हणून हे टिपण.

दोन्ही शब्द संस्कृतातील ‘रुह्’ या एकाच धातूपासून आले आहेत. उगवणे, वाढणे, वर चढणे हे त्याचे अर्थ. भूमीतून वर येतो म्हणून वृक्षास ‘महीरुह’ आणि सरोवरात उगवते म्हणून कमळास ‘सरोरुह’ म्हणतात. ‘आ’ हा उपसर्ग लागून ‘आरोहण’ सिद्ध होते. गिर्यारोहण आणि गायनातील आरोह त्याच कुळातले. चढून स्थिर झाला तो ‘आरूढ’. शिरूर तालुक्यातील रांजणगावचा महागणपती कमलासनावर आरूढ आहे, असे आपण म्हणतो तेव्हा सरोरुहावर आरूढ, म्हणजे एकाच धातूचे दोन शब्द जवळ येतात.

‘आरोपण’ म्हणजे दुसऱ्या वस्तूस वर ठेवणे वा रोवणे. शेतातील ‘रोप’ त्याच घरचे. एका कार्यक्रमाच्या निमंत्रणपत्रिकेत वृक्षारोपणाऐवजी ‘वृक्षारोहण’ छापले गेले होते. मुद्रिते मीच तपासली होती! पत्रिकेबरहुकूम वागायचे तर पाहुण्यांना झाडावर चढावे लागले असते.

कळस स्वतः चढत नाही, तेव्हा ‘आरोपण’च योग्य, असा आक्षेप घेतला जातो. परंतु ध्वजारोहणाप्रमाणे कलशारोहणही मराठीत रूढ झाले आहे, आणि ‘रूढ’ हा शब्दही ‘रुह्’चाच. माझ्या मते ‘कलशारोहण’ निःशंक कोरावे.

बोलीत आपण ‘चढणे’च वापरतो. दौंड तालुक्यात पाटसच्या पुढे तुकोबारायांच्या पालखीसोबत वारकरी रोटी घाटाची चढण चढतात. पावसाळ्यात भीमेचे पाणी चढते. ‘चढाई’ मात्र फौजेची. भीमेपलीकडे सिद्धटेकच्या टेकडीवर दर्शनास गेलेल्याने ‘चढाई केली’ असे लिहू नये.

ज्या देणगीदारांस संस्कृत शब्द नको असेल, त्यांनी ‘कळस चढविला’ एवढेच कोरून घ्यावे.