ठाण्याच्या बाकावर

तालुक्याच्या कोर्टात फौजदारी वकिली करते, त्याला २२ वर्षं झाली. कायदा पुस्तकातून शिकले. तो माणसाच्या उपयोगी कधी पडतो आणि कधी नुसता कागदावर राहतो, हे मात्र ठाण्यातल्या बाकावर बसून कळलं.

१. अधिकार पाठ असला म्हणजे वेळेला आठवतोच असं नाही. आमच्या गल्लीत घरफोडी झाली आणि जबाबासाठी मलाच फोन आला. साक्षीदार बाई असेल तर तिला ठाण्यात बोलवायचं नसतं, घरी येऊन जबाब घ्यायचा असतो. हे मी कितीतरी जणींना समजावलं होतं. तरी फोन ठेवला, पर्स उचलली आणि निघाले. दोन तास बाकावर बसले. मग आत अधिकाऱ्यांनी एक प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं आणि ते गप्प बसले. ती शांतता मला सोसवेना. शेजाऱ्यांची भांडणं, वरचे भाडेकरू, कुणाकडे रात्री कोण येतं, मी बोलतच सुटले. कुणी दरडावलं नव्हतं, आवाजही चढवला नव्हता. बाहेर आले तेव्हा हात थरथरत होते. पहाटे अंथरुणातून उठवून आणलेल्या संशयिताचं काय होत असेल, हे त्या दिवशी पहिल्यांदा समजलं.

२. गप्प राहणारा काहीतरी लपवतोय, असं वकील असून मीही मानत होते. सुरुवातीच्या वर्षांत एका बापाला सांगितलं, "लपवायचं काही नाही ना? मग पोराला सगळं सांगू द्या." पोराने सगळं सांगितलं. जे आठवत नव्हतं तेही अंदाजाने सांगितलं. घरी परतल्याची वेळ तासाभराने चुकली. तो जबाब त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून चालणारा नव्हता, पण संशय पक्का व्हायला तेवढं पुरलं. जामीन होईपर्यंत १७ दिवस तो आत होता. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही, हे संविधानाच्या कलम २०(३) मध्ये आहे. हे संरक्षण कोर्टापुरतं नाही, ठाण्यातल्या चौकशीतही आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये नंदिनी सत्पथींच्या प्रकरणात सांगितलं. त्या ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री. त्यांचा प्रश्न दिल्लीपर्यंत गेला; माझा पक्षकार तर माझ्याच सल्ल्याने बोलला होता. त्या बापाने मला कधी बोल लावला नाही. ते जास्त लागलं.

३. "पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही" हे वाक्य खरं आहे, पण त्याच्या भरवशावर निर्धास्त राहू नये. १८७२ च्या पुरावा कायद्यात ते कलम २५ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमात कलम २३ आहे. मुळात हा नियम आला कारण मारून, घाबरवून कबुली मिळवता येते हे इंग्रज सरकारलाही ठाऊक होतं. मात्र त्याच कलमात एक दार उघडं आहे. कोठडीतल्या माणसाने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्याच्या बोलण्यातला तेवढा भाग पुराव्यात येतो. मग मेमोरंडम पंचनामा होतो, "लपवून ठेवलेली वस्तू काढून देतो" हे वाक्य लिहिलं जातं, दोन पंच सह्या करतात. अडाणी मजूर आणि पदवीधर पोरगा, दोघांच्या तोंडी शब्दन् शब्द तेच वाक्य मी वाचलंय. तेव्हापासून मी पंचनामा वाचताना शब्दांपेक्षा पंच कुठले, ते आधी कुठल्या प्रकरणात होते, हे आधी बघते.

४. वकिलाला चौकशीदरम्यान भेटता येतं, पण पूर्ण वेळ शेजारी बसता येत नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही, कलम ३८ मध्ये, तसंच आहे. तरी मी बाहेर थांबते. आतल्या माणसाला दारातून माझी साडी दिसली तरी त्याचा आवाज बदलतो. आणि पैसे नसलेल्यांना हे कुणी सांगत नाही म्हणून इथे सांगते: कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही.

५. घड्याळ फार मोठा साक्षीदार आहे. अटकेपासून २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. म्हणूनच "अटक नाही हो, नुसतं चौकशीला आणलंय" हे ऐकलं की मी वेळ लिहून घेते. डी. के. बसू प्रकरणात १९९६ मध्ये न्यायालयाने अटकेचा मेमो, त्यावर तारीख-वेळ आणि नातेवाइकाची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची सही सक्तीची केली. एका प्रकरणात मेमोवर दुसऱ्या दिवशी दुपारची वेळ होती. बायकोने मात्र आदल्या रात्रीच भावाला व्हॉट्सअॅप केलं होतं, "ह्यांना नेलं." तो दोन शब्दांचा निरोप मी कोर्टात ठेवला. माझ्या सगळ्या युक्तिवादापेक्षा तो जड ठरला.

६. पोलिसांवर राग धरून काम करता येत नाही, हे पचवायला मला वेळ लागला. रात्रपाळी करून सकाळी कोर्टात उभा असलेला हवालदार, "डिटेक्शन कधी?" म्हणून वरून येणारे फोन, हे मी जवळून बघितलंय. समजून घेते, सोडून देत नाही.

७. "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" या प्रश्नाचं "नाही साहेब" हे उत्तर मी कित्येक वर्षं खरं धरलं. रिमांडला मॅजिस्ट्रेट विचारतात तेव्हा ज्यांनी आणलं ते मागेच उभे असतात, आणि कोठडी वाढली तर परत त्यांच्याचबरोबर जायचं असतं. एकदा पारधी समाजातला विशीतला पोरगा होता. १८७१ च्या कायद्याने ज्यांच्यावर जन्मतःच गुन्हेगाराचा शिक्का मारला त्या जमातींपैकी ही एक. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण चोरी झाली की पालावर गाडी अजून जाते. "नाही साहेब," तो म्हणाला. चालण्यात काहीतरी वेगळं होतं म्हणून मी उठले, एवढंच म्हटलं की ह्याला पुन्हा एकदा विचारावं. मॅजिस्ट्रेट बाईंनी पोलिसांना बाहेर थांबायला सांगितलं. शिपायाला पाणी आणायला लावलं. पोरगा पाणी प्यायला. मग काही न बोलता खाली बसला आणि पायातली चप्पल काढली.