पंचमला बोललेलं एवढं का झोंबतं?

प्रश्न : आमच्या मित्रमंडळींत गाण्यांचा विषय निघाला, की एकजण हटकून आर. डी. बर्मनवर, म्हणजे त्याच्या लाडक्या पंचमवर, येतो. मागे मी एवढंच म्हणालो, की पंचमच्या बऱ्याच चाली परदेशी गाण्यांवरून उचललेल्या आहेत. तेव्हापासून तो माझ्याशी धड बोलत नाही. संगीतकारावरची टीका चाहत्याच्या इतकी जिव्हारी का लागते?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आरोपात तथ्य आहे. ‘शोले’तल्या (१९७५) ‘मेहबूबा मेहबूबा’ची चाल डेमिस रुसोसच्या ‘से यू लव्ह मी’ची. ‘हम किसीसे कम नहीं’तल्या (१९७७) ‘मिल गया हमको साथी’चा मुखडा ॲबाच्या ‘मामा मिया’चा. तुमच्या मित्राला हे ठाऊक नसेल असं समजू नका. उचललेल्या चालींची यादी पंचमच्या कट्टर चाहत्यांना बहुधा तोंडपाठ असते. टीकाकाराला सापडण्याआधी त्यांनीच ती शोधलेली असते.

मग राग कशाचा? पंधरा ते पंचवीस या वयात ऐकलेलं संगीत माणसाला जन्मभर चिकटतं, हे एक कारण. त्या गाण्यांत त्याचं कॉलेज असतं, पहिलं प्रेम असतं. पण हे कुठल्याही संगीतकाराच्या चाहत्याला लागू पडतं. पंचमच्या बाबतीत एक जुनी जखम आहे. ऐंशीच्या दशकात त्याचे चित्रपट पडू लागले, निर्माते पांगले, मोठी कामं दुसरीकडे गेली. १९८८ साली हृदयविकाराचा झटका आला, लंडनला बायपास झाली. ४ जानेवारी १९९४ रोजी तो गेला, वयाच्या ५४ व्या वर्षी. ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’ त्यानंतर काही महिन्यांनी पडद्यावर आला, घरोघरी वाजला आणि फिल्मफेअर पुरस्कार मिळाला तेव्हा घ्यायला तो नव्हता. जिवंतपणी पाठ फिरवली ती फिरवलीच, आता मेल्यावर चोर म्हणता, असं चाहत्याला वाटतं. तुमचं साधं वाक्य त्याला त्याच अन्यायाचा पुढचा हप्ता वाटलं असणार.

अशा वेळी चाहते काय बोलतात, तेही ऐकण्यासारखं असतं. ‘चाल निर्मात्या-दिग्दर्शकाच्या आग्रहाची होती’ हे पहिलं उत्तर. ‘मग सलील चौधरींनी ‘छाया’त (१९६१) मोझार्टची चाळिसावी सिंफनी घेतली, ती चालते का?’ हे दुसरं. दुसऱ्याकडे बोट दाखवून आपला माणूस सुटत नाही, म्हणून हे मला पटत नाही. त्याहून वाईट म्हणजे प्रतिस्पर्धी संगीतकारांवर घसरणं. लक्ष्मीकांत-प्यारेलाल विरुद्ध पंचम हा वाद रंगवणाऱ्यांनी ‘दोस्ती’ची (१९६४) गाणी पुन्हा ऐकावीत. संगीत लक्ष्मी-प्यारेंचं आणि त्यातला माउथ ऑर्गन वाजवलाय खुद्द पंचमने.

खरा चाहता तिसरं उत्तर देतो : तो तुम्हाला गाणं ऐकवतो. ‘चुरा लिया’ची पहिली ओळ ‘इफ इट्स ट्यूसडे, धिस मस्ट बी बेल्जियम’ या १९६९ च्या चित्रपटातल्या गाण्यावरून आली, हे तो आधीच सांगून टाकतो. मग सुरुवातीला काचेच्या ग्लासावर वाजणारा चमचा ऐकायला लावतो, पाठोपाठ येणारी गिटार दाखवतो, आणि पहिल्या ओळीनंतर चाल मूळ गाण्याला सोडून कुठल्या कुठे जाते ते समजावतो. ‘मेहबूबा’तला बाटल्यांत फुंकर मारून काढलेला आवाज, मारुतराव कीर आणि अमृतराव काटकर यांचे ठेके यांवर तर तो तासभर बोलेल. अशाच हाडाच्या चाहत्यांनी पंचमच्या वादकांना गाठून आठवणी टिपल्या, म्हणून आज हे सगळं आपल्याला माहीत आहे. अनिरुद्ध भट्टाचारजी आणि बालाजी विठ्ठल यांचं २०११ चं पुस्तक याच वेडातून आलं आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मात्र ऐंशीच्या दशकातल्या पंचमच्या पुष्कळ चाली सपक आहेत, हे मित्राने मान्य करायला हवं. ‘मासूम’ आणि ‘इजाजत’ त्याच दशकातले, हे तुम्ही मान्य करा. आणि फोन तुम्हीच करा. ‘चुरा लिया’ ऐकव म्हणा. तो नाही म्हणणार नाही.