घरातील वायरिंगची दुरुस्ती : इलेक्ट्रिशियन कसा निवडावा?

प्रश्न : भिवंडीत घरच्या वीजदुरुस्तीसाठी इलेक्ट्रिशियन निवडताना काय पाहावे?

उत्तर : पहिला मुद्दा काम कोणाच्या हद्दीतले, हा. भिवंडीत २००७ पासून महावितरणची फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवर वीज वितरित करते. मीटर आणि त्याआधीची केबल कंपनीची. मीटरचे सील खासगी कारागिराने तोडू नये. मीटरनंतरच्या वायरिंगची जबाबदारी ग्राहकाची.

बल्ब, पंखा, फ्यूज किंवा स्विच बदलणे ही किरकोळ कामे. नवे वायरिंग, वाढीव पॉइंट किंवा फेरबदल मात्र नियमानुसार परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे लागतात. आयटीआयचे प्रमाणपत्र प्रशिक्षण दाखवते; ते ठेकेदारीचा परवाना नव्हे. म्हणून दोन्ही वेगवेगळे तपासावेत.

जाणकार कारागीर आधी मेन स्विच बंद करतो, टेस्टरने खात्री करतो आणि मगच तारेला हात लावतो. एमसीबी वारंवार पडत असल्यास तो कारण शोधतो. जास्त अँपिअरचा एमसीबी बसवल्यास तार तापून आग लागू शकते. एमसीबी ओव्हरलोड व शॉर्टसर्किटपासून वाचवतो, शॉकपासून नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि चांगले अर्थिंग हवे. पावसाळ्यात ओल्या भिंतीत करंट उतरत असल्यास मेन स्विच कोरड्या हाताने बंद करून तपासणी होईपर्यंत तसाच ठेवावा.

दिव्यांसाठी साधारणतः १.५, तर गिझरसारख्या १६ अँपिअरच्या सॉकेटसाठी किमान २.५ चौरस मिलिमीटरची आयएसआय तांब्याची तार वापरतात. साहित्य व मजुरीचा वेगळा अंदाज आधीच लेखी घ्यावा. काम संपल्यावर आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबून पाहावे आणि पक्के बिल घ्यावे.